मावशीइतकीच आत्याही : स्तनाचा कर्करोग, डीएनएची दुरुस्ती आणि घराण्याचा इतिहास

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अहवाल चाळताना एक आकडा डोळ्यांत भरतो. दर लाख स्त्रियांमागे दर वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे किती नवे रुग्ण आढळतात, याची वयोमानातील फरक जमेस धरून काढलेली कोष्टके त्या अहवालात आहेत. त्यांत हैदराबाद जिल्हा सर्वांत वर आहे. तेथील दर ४८ आहे. त्याखालोखाल चेन्नई ४२.२ आणि बंगळुरू ४०.५ अशी क्रमवारी लागते.

मराठी वाचकाने ही परक्या मुलखाची वार्ता समजू नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि विवेकवर्धिनीसारखी मराठी माणसांनी उभारलेली शिक्षणसंस्था तेथे शतकाहून अधिक काळ चालू आहे. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी नांदेड, देगलूर, उदगीर या बाजूच्या लोकांची पावले मोठ्या दुखण्यासाठी अद्यापही हैदराबादकडेच वळतात. रेड हिल्स भागातील मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था १९५५ पासून रुग्णसेवा करीत आहे. (ज्यांचे नाव या संस्थेस आहे ते नवाबसाहेब पुढे १९६० साली नव्याने स्थापन झालेल्या गुजरात राज्याचे पहिले राज्यपाल झाले.) अशा रुग्णालयाच्या ओसरीवर तेलुगू आणि दखनी उर्दूच्या जोडीने मराठी बोल कानी पडले तर त्यात नवल नाही.

रोगाचे निदान झाले की पहिल्या धक्क्यातून सावरल्यावर घरची मंडळी डॉक्टरांस जे प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो : हा रोग घराण्यातून येतो काय? पाठीवरच्या बहिणींना, लग्नाच्या मुलींना त्याचे भय आहे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी द्यावे तर घरात घबराट उडते, नकारार्थी द्यावे तर ते खरे ठरत नाही. प्रस्तुत लेखात या उत्तराचा शास्त्रीय आधार वाचकांपुढे मांडण्याचा प्रयत्न आहे. त्यापूर्वी एक कबुली देणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीसाठी एक पत्रक तयार करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. “आपली आई, बहीण, मावशी अथवा आजी यांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास अधिक दक्षता घ्यावी,” असे वाक्य त्यात घातले. वाक्य सुटसुटीत होते, तज्ज्ञांच्या नजरेखालून गेले आणि छापलेही गेले. वाटप सुरू झाल्यावर ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका परिचारिका भगिनीने पत्रक हातात घेऊन विचारले, “साहेब, यात आत्या कुठे आहे? ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली म्हणून तिचं रक्त बदललं का?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देता आले नाही. कलाशाखेच्या पदवीधराने जनुकशास्त्राची पुस्तके उघडली ती त्या दिवशी.

रोगाचे नव्हे, दुरुस्तीचे जनुक

प्रथम प्रमाण सांगितले पाहिजे. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाच ते दहा जणींतच तो एखाद्या जनुकातील वारशाने आलेल्या बिघाडामुळे उद्भवतो. उरलेल्या नव्वदांहून अधिक जणींत वाढते वय, पहिले अपत्य उशिरा होणे, अपत्ये थोडी असणे, अंगावर पाजण्याचा काळ कमी होणे, रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा, मद्यपान अशा अनेक गोष्टी कमीअधिक प्रमाणात कारणीभूत ठरतात. मोठ्या शहरांतील आकडे खेड्यांपेक्षा वर असतात ते मुख्यतः या राहणीमुळे. म्हणून हैदराबादचा ४८ हा आकडा पाहून तेथील लोकांच्या रक्तातच काही दोष आहे असा तर्क करणे चुकीचे होईल. मात्र ज्या थोड्या कुटुंबांत वारशाचा बिघाड असतो, तेथे त्याचा प्रभाव इतका प्रबळ असतो की त्याकडे डोळेझाक परवडणारी नाही.

घराण्याघराण्यांतून हा रोग उतरतो ही शंका जुनी आहे. पॅरिसचे विख्यात शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्याच कुळातील अनेक पिढ्यांत आढळलेल्या स्तनाच्या कर्करोगाची नोंद करून ठेवली होती. आपल्याकडे या प्रश्नाला हात घातला तो पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या कुळांतील स्तनग्रंथींचा तौलनिक अभ्यास केला. काही कुळांत कर्करोग सहज होतो, काहींत क्वचितच होतो. असे का, हा त्यांचा प्रश्न होता. परळ येथे १९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. उंदरांच्या अभ्यासातून जगभरच्या संशोधकांना एक चमत्कारिक गोष्ट कळली होती. काही उंदरांत हा रोग मातेच्या दुधातील विषाणूमार्फत पिलांना होतो. मानवात तसे होत नाही, हे येथे स्पष्ट सांगावयास हवे, कारण आईस हा रोग झाला म्हणून तिने पाजलेल्या मुलीस तो दुधातून आला असे समजणारे लोक आजही भेटतात. उलट अंगावर पाजणे हे मातेचा धोका थोडाफार कमीच करते.

मानवातील निर्णायक पुरावा १९९० साली मिळाला. अमेरिकेतील डॉ. मेरी-क्लेअर किंग व त्यांचे सहकारी यांनी २३ विस्तृत कुटुंबांतील स्तनाच्या कर्करोगाच्या १४६ रुग्णांचा मागोवा घेतला आणि या कुटुंबांपैकी ज्यांत रोग तरुण वयात होतो, त्यांच्या रोगाचे मूळ सतराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे असे दाखवून दिले. एवढ्या प्रचलित रोगाचे मूळ एका जनुकात असू शकेल यावर तोवर अनेक शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. त्यास बीआरसीए-१ असे नाव आहे. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरील दुसरे, बीआरसीए-२, सापडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वृत्तपत्रे या जनुकांस सर्रास “कर्करोगाचे जनुक” म्हणतात आणि मग “तिच्यात ते जनुक निघाले” असे लोक बोलू लागतात. वस्तुतः ही दोन्ही जनुके प्रत्येक स्त्रीत व प्रत्येक पुरुषात असतातच, आणि असावीच लागतात. त्यांचे काम कर्करोग घडविण्याचे नसून तो टाळण्याचे आहे. म्हणूनच शास्त्रात त्यांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. धोका असतो तो हे जनुक बिघडलेले असण्यात. कुलूप मोडल्याने चोरी झाली तर चोरीचा आळ कुलपावर येत नाही.

तुटलेला धागा कसा जोडला जातो

आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. हा धागा दुपदरी असतो, आणि शरीराची घडण व व्यवहार यांविषयीच्या सूचना त्यावर रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. पेशीतील नेहमीच्या रासायनिक घडामोडी, सूर्यप्रकाश, क्ष-किरण, तंबाखूचा धूर यांमुळे या लिखाणावर रोज हजारो ओरखडे उमटतात. तरीही माणूस सत्तर-ऐंशी वर्षे जगतो, याचे कारण पेशीत दुरुस्तीचे एक सदैव जागे असलेले खाते आहे. या खात्याचे काम उलगडणारे लिंडाल, मॉड्रिच व सांकार या तीन शास्त्रज्ञांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक ओरखडे धाग्याच्या एकाच पदरावर असतात. समोरचा पदर शाबूत असल्याने त्याच्या आधारे चुकलेले अक्षर दुरुस्त करता येते. अडचण येते ती दोन्ही पदर एकाच जागी तुटल्यावर. तेथे दुरुस्तीचे मुख्य मार्ग दोन. शासकीय कचेरीत काम करणाऱ्यास ते उदाहरणाने चटकन समजतील. तलाठ्याच्या दप्तरातील एखादे पान फाटले, तर फाटलेल्या कडा नुसत्या चिकटवून टाकणे हा एक उपाय झाला. काम झटपट होते, पण कडेवरची चार अक्षरे गळतात, कधी भलतेच पान भलत्या पानास चिकटते. दुसरा उपाय म्हणजे त्याच नोंदीची दुसरी प्रत शोधून काढून तीवरून फाटलेला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणे. यास वेळ लागतो, पण नोंद बिनचूक राहते. पेशी विभाजनाच्या तयारीत असताना आपल्या सर्व डीएनएची दुसरी प्रत तयार करते. ती जुळी प्रत हाताशी असताना दुसरा मार्ग वापरता येतो.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके ज्या प्रथिनांचे आराखडे आहेत, ती या दुसऱ्या, बिनचूक मार्गाची सूत्रे हलवितात. बीआरसीए-१ चे प्रथिन तुटलेल्या जागी लवकर पोहोचते आणि तेथील टोके नकलेसाठी तयार करण्यास साहाय्य करते, म्हणजे नुसत्या चिकटविण्याकडे काम जाऊ नये. त्यानंतर पाल्ब-२ नावाच्या दुव्यामार्फत बीआरसीए-२ चे प्रथिन येते. ते रॅड-५१ या प्रथिनाचे मणी तुटक्या पदरावर एकापुढे एक ओवते. असा मणी ओवलेला पदर मग जुळ्या प्रतीत आपली जागा शोधतो आणि हरवलेला मजकूर तेथून उतरवून घेतला जातो. या तिघांपैकी एखादे प्रथिन निकामी झाले की पेशी नाइलाजाने चिकटविण्याच्या मार्गावर येते. फाटक्या जोडण्या साठत जातात, गुणसूत्रांची तुकडेमोड होते, आणि एखाद्या दिवशी वाढीस आवर घालणारी सूचनाच पुसली जाते. कर्करोगाची सुरुवात अशी होते.

हैदराबादेत या विषयाच्या मुळाशी जाणारे काम झाले आहे. पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र, ज्यास सर्वजण सीसीएमबी म्हणतात, डॉ. पुष्प मित्र भार्गव यांच्या पुढाकाराने १९७७ साली तेथे सुरू झाले. हैदराबाद विद्यापीठात प्रा. के. सुब्बाराव यांनी वृद्धत्वाबरोबर मेंदूच्या पेशींतील डीएनए-दुरुस्तीची क्षमता कशी घटते याचा दीर्घकाळ अभ्यास केला. डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्र, म्हणजे सीडीएफडी, हे नाव बहुतेकांना गुन्ह्यांच्या तपासामुळे ठाऊक असते. त्याच संस्थेतील डॉ. रश्ना भंडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले की, एक विशिष्ट फॉस्फेटयुक्त रेणू तयार करणारे विकर उंदरांच्या पेशींत नसेल तर जुळ्या प्रतीवरून होणारी ही दुरुस्ती सुरू होते, पण पुरी होत नाही. दुरुस्तीच्या खात्यात किती हात गुंतलेले असतात याची कल्पना यावरून यावी.

एका प्रतीचा वारसा

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. बीआरसीएची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. म्हणून असे मूल इतरांसारखेच निरोगी असते. पुढे केव्हातरी स्तनाच्या एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीतील बिनचूक दुरुस्ती बंद पडते. हा “दोन आघातां”चा सिद्धांत अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या अभ्यासावरून मांडला होता. जिच्या दोन्ही प्रती जन्मतः चांगल्या, तिच्या एकाच पेशीत दोन्ही आघात योगायोगाने व्हावे लागतात. जिला एक आघात वारशातच मिळाला आहे, तिला दुसरा पुरेसा होतो. त्यामुळेच अशा घराण्यांत रोग तरुण वयात होतो, कधी दोन्ही स्तनांत होतो.

बिघाड कधी कधी किती क्षुल्लक दिसतो याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. बीआरसीए-१ च्या आरंभाच्या भागात ए आणि जी ही दोन अक्षरे गळालेली असण्याचा एक बिघाड प्रसिद्ध आहे. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी समाजात तो प्रथम ठळकपणे आढळला आणि चेन्नईच्या अड्यार येथील कर्करोग संस्थेच्या अभ्यासात दक्षिण भारतीय कुटुंबांतही तो वारंवार दिसून आला. हजारो अक्षरांच्या जनुकात दोन अक्षरे गळाली तर बिघडले कोठे, असे वाटेल. परंतु पेशी हे लिखाण तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचते. “कमल लगेच जेवण बनव” हे तीन-तीन अक्षरी शब्दांचे वाक्य घ्या. पहिल्या शब्दातील “म” आणि “ल” गाळून पुन्हा तीन-तीन अक्षरे पाडली की “कलगे चजेव णबन व” असे काहीतरी हाती येते. पुढचा एकही शब्द जागेवर राहत नाही. जनुकातही तसेच होते, आणि त्या गोंधळात नको तेथे पूर्णविराम येतो. एरवी १,८६३ घटकांचे असणारे प्रथिन चाळीस घटक पुरे होण्यापूर्वीच थांबते.

अशा बिघाडाने धोका किती वाढतो? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांच्या पाहणीनुसार, बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना आणि बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्यांपैकी सुमारे ६९ जणींना वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे हेच आकडे अनुक्रमे ४४ व १७ आहेत. धोका मोठा आहे खरा. तथापि शंभर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

माहेर, आजोळ आणि सासर

आता परिचारिका भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. सतरावे आणि तेरावे गुणसूत्र ही स्त्री-पुरुष दोघांतही सारखीच असतात. बिघडलेली प्रत बाळगणारा पिता आपल्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, ती देण्याची शक्यता निम्मी असते. मातेचेही अगदी तसेच. फरक इतकाच की पिता स्वतः बहुधा आजारी पडत नाही. पुरुषांतही स्तनाचा कर्करोग होतो, विशेषतः बीआरसीए-२ च्या बिघाडात, शिवाय पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. परंतु पुष्कळ पुरुष ही प्रत आयुष्यभर नकळत बाळगतात आणि लेकीकडे सोपवून जातात. रोगाने एक पिढी वगळली असे लोक म्हणतात ते याच कारणाने. वारसा मध्येच खंडित झालेला नसतो, तो एका पुरुषातून निमूटपणे पुढे गेलेला असतो.

मराठीला या बाबतीत एक सोय आहे. इंग्रजीत आईची बहीण आणि वडिलांची बहीण यांना एकच शब्द पुरतो. आपण मावशी आणि आत्या असा भेद करतो. तो भेद रुग्णालयात नेमका उपयोगी पडावयास हवा. पण घडते उलटेच. स्तनाचा रोग हा बायकांचा रोग, म्हणून तो बायकांच्याच बाजूने उतरत असणार, अशी एक अंधुक समजूत मनात असते आणि चौकशी आई-मावशी-आजी एवढ्यावर थांबते. आत्या राहून जाते. वडिलांची आई राहते. चुलतबहीण तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

“माहेरी कोणास झाला होता का?” असे एकदम विचारले तर बहुतेक स्त्रिया आईविषयी सांगतात. त्याऐवजी प्रश्न दोन करावेत : वडिलांच्या घरात कोणास, आणि आजोळी कोणास. सासरची चौकशी रुग्ण स्त्रीच्या दृष्टीने निरर्थक वाटते व तिच्यापुरते ते खरेही आहे. परंतु तिच्या सोबत आलेल्या मुलीस सासर हेच वडिलांचे घर. सासूबाई ऐन चाळिशीत छातीच्या गाठीने गेल्या असतील, तर सुनेस त्याचा धोका नाही, पण नातीचा विचार केला पाहिजे. ही गोष्ट एकदा सांगितली की बायकांना ती चटकन उमगते, असा आमच्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

मराठवाडा, तेलंगण, उत्तर कर्नाटक या पट्ट्यात आणखी एक प्रश्न निर्माण होतो. येथे मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा यांच्याशी सोयरीक, क्वचित सख्ख्या मामाशीच भाचीचे लग्न, या चालीरीती अनेक समाजांत रूढ आहेत. अशा घरात आजोबांपासून आलेली तीच बिघडलेली प्रत पती आणि पत्नी या दोघांकडेही असू शकते. बीआरसीए-२ च्या बाबतीत दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता प्रत्येक अपत्यात चारांत एक इतकी असते. अशा मुलांना फॅन्कोनी रक्तक्षय या नावाचा गंभीर विकार होतो. त्यात रक्त तयार करणारी मज्जा खचत जाते व बालवयातच कर्करोग उद्भवतो. हा विकार दुर्मीळ आहे. तरी ज्या घरात स्तनाच्या रोगाचा इतिहास आहे आणि नात्यातच लग्न ठरत आहे, त्या घराने लग्नापूर्वी आनुवंशिकी तज्ज्ञाचा सल्ला घेतलेला बरा.

परंतु असा सल्ला घ्यावयास घराण्याचा इतिहास बोलला गेला पाहिजे, आणि खरी अडचण तेथेच आहे. मुलींची लग्ने व्हावयाची आहेत म्हणून आत्याच्या आजाराचे नाव बदलले जाते. “पोटाच्या दुखण्याने गेल्या” असे सांगितलेल्या बाई प्रत्यक्षात बीजांडकोशाच्या कर्करोगाने गेलेल्या असतात. लपविण्यामागचे भय खोटे नाही. सोयरिका मोडल्याची उदाहरणे घडली आहेत. तरीही लपविल्याने बिघडलेली प्रत घरातून जात नाही. तिच्यावर लक्ष ठेवण्याची संधी मात्र जाते.

चाचणी आणि तिच्यानंतर

रक्ताच्या अथवा लाळेच्या नमुन्यावरून या जनुकांची तपासणी आता हैदराबाद, मुंबई व इतर मोठ्या शहरांत होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या खारघर येथील संशोधन केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास व सल्ला हे काम अनेक वर्षे चालू आहे. अमेरिकेतील एका कंपनीने या जनुकांवर पेटंट घेतल्यामुळे तेथे चाचणीची मक्तेदारी निर्माण झाली होती. निसर्गात असलेल्या जनुकावर कोणाची मालकी असू शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये दिला. त्याच्या महिनाभर आधी अँजेलिना जोली या अभिनेत्रीने स्वतःच्या बीआरसीए-१ बिघाडाविषयी जाहीर लेख लिहिला होता, आणि त्यानंतर हा विषय घरोघरी पोहोचला.

चाचणी सरसकट सर्वांनी करून घेण्याची नाही. रोग तरुण वयात झालेला असणे, दोन्ही स्तनांत झालेला असणे, संप्रेरकांना व हर-२ ला प्रतिसाद न देणारा “ट्रिपल निगेटिव्ह” प्रकार असणे, बीजांडकोशाचा कर्करोग असणे, घरातील एखाद्या पुरुषास स्तनाचा कर्करोग झालेला असणे, अथवा एकाच बाजूच्या अनेक नातेवाइकांत हे रोग आढळणे, अशा वेळी डॉक्टर ती सुचवितात. शक्यतो घरातील रुग्ण व्यक्तीचीच चाचणी प्रथम करावी. तिच्यात नेमका बिघाड सापडला, तर बहीण, भाऊ, मुली यांच्यात तेवढाच शोधावा लागतो आणि त्यांना निश्चित उत्तर मिळते. ज्या बहिणीत तो नसतो, तिच्या मानेवरचे ओझे त्या दिवशी उतरते. कधी कधी “अर्थ अनिश्चित असलेला बदल” असा अहवाल येतो. त्यावरून घाबरून जाऊ नये, आणि त्याच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय तर मुळीच घेऊ नये.

बिघाड सापडलेल्या निरोगी स्त्रीपुढे मार्ग आहेत. पंचविशीनंतर एमआरआय व तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी अशी वार्षिक तपासणी करता येते. अपत्ये झाल्यावर, साधारणतः पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, कारण बीजांडकोशाचा रोग लवकर ओळखण्याची खात्रीची पद्धत हाती नाही. काही स्त्रिया निरोगी स्तन काढून घेण्याची शस्त्रक्रिया स्वीकारतात, काही तपासणीवर भर देतात. हा निर्णय त्या स्त्रीचा आहे. नवऱ्याचा, सासूचा अथवा डॉक्टरांचा नव्हे.

ज्यांना रोग झाला आहे त्यांच्यासाठी याच बिघाडाचा उलटा उपयोग करण्यात आला आहे. पार्प नावाचे विकर पेशीतील एकपदरी तुटी सांभाळते. त्यास औषधाने रोखले की त्या तुटी पुढे दुपदरी होतात. निरोगी पेशीत बीआरसीएची एक तरी चांगली प्रत असल्याने ती पेशी तगते. कर्कपेशीत दोन्ही प्रती गेलेल्या असल्याने ती मरते. ही कल्पना २००५ साली दोन ब्रिटिश गटांनी एकाच वेळी मांडली. तीवर आधारलेल्या ओलापॅरिब या औषधास बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी २०१४ साली व स्तनाच्या कर्करोगासाठी २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. घराण्याचा शाप समजल्या गेलेल्या बिघाडातूनच उपचाराचा मार्ग निघावा, याचे प्रस्तुत लेखकास अद्यापही आश्चर्य वाटते.

जनुकाच्या चाचणीपर्यंत न पोहोचणाऱ्या असंख्य भगिनींसाठी साधी हाताने केलेली तपासणीही निरुपयोगी नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या पाहणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी केल्याने रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही, आणि वारशाचा रोग गाठतो तो बहुधा याच वयात. त्यांच्या बाबतीत घराण्याची चौकशी अधिकच अगत्याची ठरते.

आनुवंशिकी तज्ज्ञाकडे जाताना एका कागदावर तीन पिढ्यांची माहिती लिहून न्यावी. डावीकडे आई, मावश्या, मामा, आजोळचे आजी-आजोबा. उजवीकडे वडील, आत्या, काका, वडिलांचे आईवडील. खाली सख्खी, चुलत, मावस, मामे व आते भावंडे. प्रत्येकापुढे आजचे अथवा मृत्यूसमयीचे वय, आणि कर्करोग झाला असल्यास तो कोणत्या अवयवाचा व कोणत्या वयात, हे नोंदवावे. पुरुष गाळू नयेत. नात्यात लग्न झाले असल्यास तेही लिहावे. आत्याबाई हयात असतील तर त्यांना स्वतः भेटून विचारावे, आणि त्यांच्या शस्त्रक्रियेचे जुने अहवाल, स्लाइड व ब्लॉक घरात कोठे ठेवलेले असल्यास मागून घ्यावेत.